एक लेथ, दोघांचे हात: घरच्या कातकामातील सुरक्षितता

प्रस्तावना

लाटणे, भोवरा, देव्हाऱ्याचे खांब, पाळण्याच्या दांड्या आणि खेळण्यातला लाकडी आंबा या वस्तू एकाच पद्धतीने तयार होतात. लाकूड यंत्रावर फिरते ठेवायचे आणि हातातले हत्यार त्याला टेकवून आकार काढायचा. या कामाला कातकाम म्हणतात आणि ते करणाऱ्याला कातारी. सुतार रंधा मारतो तेव्हा लाकूड स्थिर असते आणि हत्यार हलते. कातकामात याच्या उलट घडते, आणि या कामातले बहुतेक धोके तिथूनच सुरू होतात.

लाकडी कातकाम अनेक ठिकाणी घरातच चालते. पडवीत किंवा मागच्या खोलीत एक लेथ असतो आणि त्यावर नवरा-बायको आळीपाळीने काम करतात. या पाठात आपण एका साध्या प्रश्नाचा विचार करणार आहोत: एकाच यंत्रावर दोघे काम करतात तेव्हा धोका वाढतो की कमी होतो? दोन्ही घडू शकते. पहिल्याने यंत्र ज्या अवस्थेत सोडले ती अवस्था दुसऱ्याला कळली तर धोका कमी होतो. कळली नाही तर वाढतो.

सावंतवाडीचे उदाहरण

सिंधुदुर्ग जिल्ह्यातले सावंतवाडी हे गाव लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या चितार आळीत लाकडाची फळे, भाज्या, भोवरे आणि भातुकलीचे संच मिळतात. या खेळण्यांसाठी पूर्वापार पांगाऱ्याचे लाकूड वापरले जाई. ते हलके आणि मऊ असते, त्यामुळे लवकर कातले जाते. कर्नाटकातले चन्नपट्टण आणि आंध्र प्रदेशातले एटिकोप्पाका या गावांतही लेथवरची रंगीत खेळणी बनतात. तिथे लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते.

एका खेळण्याला अनेक कामे लागतात: ठोकळे कापणे, कातणे, घासणे, रंगवणे, सुकवणे, बांधणे. घरगुती धंद्यात ही कामे कुटुंबात वाटली जातात. बऱ्याच घरांत कातण्याचे काम पुरुषाकडे आणि घासण्या-रंगवण्याचे काम बाईकडे असते. ही वाटणी सोयीची वाटली तरी तिच्यात एक अडचण आहे. लेथ चालवायला एकच जण शिकलेला असतो, पण त्या लेथजवळ दोघेही वावरतात. खालचा भुसा झाडणारी, तयार नग उचलणारी, चहा घेऊन येणारी व्यक्ती यंत्राच्या टप्प्यात असते. तिला यंत्राची माहिती नसेल तर ती सर्वांत असुरक्षित ठरते. म्हणून पहिला नियम असा: लेथवर कोणीही बसो, लेथ बंद कसा करायचा आणि तो कुठून माणसाला ओढतो, हे घरातल्या दोघांनाही आले पाहिजे.

वेगाचे गणित

आता धोका किती मोठा असतो ते आकड्यांत पाहू. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. लेथवर बसवलेली नेहमीची चार ध्रुवांची मोटार भाराखाली मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते. मोटारीवर आणि लेथवर पायऱ्यांची पुली असते आणि त्यांच्यामध्ये पट्टा. समजा, मोटारीकडची पायरी ५ इंच आणि लेथकडची ३ इंच आहे. मग लेथचा वेग १४४० × ५ ÷ ३ = २४०० फेरे होतो. पट्टा सरकवून मोटारीकडे २ इंच आणि लेथकडे ६ इंच केले, तर वेग १४४० × २ ÷ ६ = ४८० फेरे होतो.

सकाळी नवऱ्याने लाटणी कातली. लाटण्याचा व्यास ५ सेंटिमीटर धरू. २४०० फेऱ्यांना त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ६.३ मीटर येतो. बारीक कामाला हा वेग योग्यच आहे. दुपारी बायकोने त्याच लेथवर ३० सेंटिमीटर व्यासाची काठवट लावली. पट्टा होता तिथेच राहिला असेल, तर काठवटीच्या कडेचा वेग सेकंदाला ३७.७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १३६ किलोमीटर होतो. पट्टा सरकवलेला असता, तर तोच वेग ताशी सुमारे २७ किलोमीटर राहिला असता.

याहून मोठा प्रश्न असमतोलाचा आहे. काठवटीचा कच्चा ठोकळा कधीच एकसारखा गोल नसतो. समजा, त्याच्या एका बाजूला कडेशी फक्त ५० ग्रॅम लाकूड जास्त आहे. केंद्रापासून ते १५ सेंटिमीटरवर आहे. फिरताना त्यामुळे बाहेर खेचणारा जोर वस्तुमान × त्रिज्या × कोनीय वेगाचा वर्ग या सूत्राने काढतात. ४८० फेऱ्यांना हा जोर सुमारे १९ न्यूटन येतो; दोन किलोचे वजन हाताला लटकावल्यासारखा. २४०० फेऱ्यांना तो सुमारे ४७४ न्यूटन होतो, म्हणजे जवळपास ४८ किलोचे वजन, आणि तेही सेकंदाला ४० वेळा दिशा बदलणारे. वेग पाचपट झाला की जोर पंचवीसपट होतो. एवढ्या जोराने लेथ हादरतो, चकची पकड सुटते आणि ठोकळा गोफणीतल्या दगडासारखा निघतो.

वेग ठरवण्यासाठी कातारी एक ढोबळ नियम वापरतात. ठोकळ्याचा व्यास इंचात घ्यावा आणि त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावे. गुणाकार ६००० ते ९००० च्या दरम्यान असावा. १२ इंचांच्या काठवटीसाठी ५०० ते ७५० फेरे येतात. ठोकळा ओबडधोबड असेल, तर याहूनही कमी वेगाने सुरुवात करावी आणि गोल झाल्यावर वेग वाढवावा.

वरच्या उदाहरणात नवऱ्याने काहीही चुकीचे केले नव्हते. लाटण्यासाठी त्याचा वेग बरोबर होता. बायकोलाही काठवट कातता येत होती. चूक झाली ती दोघांच्या मधल्या वेळेत. घरच्या कार्यशाळेतले अनेक प्रसंग याच प्रकारचे असतात.

हवाली करताना घडणाऱ्या चुका

एकाच्या हातून यंत्र दुसऱ्याच्या हाती जाताना चुकणाऱ्या गोष्टी पुढीलप्रमाणे आहेत.

१. चकची चावी. लाकूड घट्ट करून चावी चकमध्येच राहते. दुसरा येतो आणि बटण दाबतो. चावी फेकली जाते आणि ती कोणत्या दिशेला जाईल हे सांगता येत नाही. चावीला लेथजवळ एक ठरलेला खिळा असावा. खिळ्यावर चावी दिसत नसेल, तर बटणाला हात लावू नये.

२. गेलेली वीज. पावसाळ्यात कोकणात वीज जाणे नवीन नाही. वीज गेली की काम करणारा उठून जातो आणि बटण चालूच राहते. थोड्या वेळाने दुसरा येऊन नवा ठोकळा बसवू लागतो आणि तेवढ्यात वीज येते. यावर चांगला उपाय म्हणजे डीओएल स्टार्टर. वीज गेली की त्यातली चुंबकीय कॉइल सुटते, आणि वीज परत आली तरी हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटार सुरू होत नाही. साध्या घरगुती बटणात ही सोय नसते.

३. तडा गेलेला ठोकळा. एकाला लाकडात बारीक तडा किंवा सैल गाठ दिसते. तो ठोकळा बाजूला ठेवतो, पण सांगायचे राहून जाते. दुसरा तोच उचलतो. म्हणून तडा दिसताच त्यावर लाल खडूने फुली मारावी. फुलीचा ठोकळा लेथवर चढत नाही, एवढे दोघांनी ठरवून घ्यावे.

४. बोथट हत्यार. बोथट पटाशी लाकूड कापत नाही, म्हणून माणूस ती जास्त जोराने दाबतो. मग ती अचानक लाकडात रुतते आणि हातातून उसळते. धार गेलेले हत्यार धारेच्या हत्यारांत परत ठेवू नये. त्यासाठी वेगळा डबा असावा.

५. टूल रेस्ट. हत्यार टेकवायच्या या पट्टीचा बोल्ट सैल सोडला असेल, तर पुढच्याच्या पहिल्या घावाला ती फिरते. पट्टी आणि लाकूड यांच्यात फार फट राहिली, तर हत्याराचे टोक खाली ओढले जाते.

या पाचही चुकांवर एकच उपाय आहे. आपण त्याला शून्यस्थिती म्हणू. लेथवरून उठणाऱ्याने यंत्र नेहमी एकाच ठरलेल्या अवस्थेत सोडायचे: पट्टा सर्वांत कमी वेगाच्या पायरीवर, चक रिकामा, चावी खिळ्यावर, बटण बंद, प्लग काढलेला. अर्धवट काम चकमध्येच ठेवावे लागले, तर लेथवर टांगलेल्या पाटीवर खडूने तसे लिहायचे.

दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. लेथवर बसणाऱ्याने शून्यस्थिती आहे असे गृहीत धरायचे नाही. पट्टा डोळ्यांनी पाहायचा, बोल्ट हाताने आवळायचे आणि बटण दाबण्यापूर्वी लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून ते कुठेही अडत नाही याची खात्री करायची. सुरू करताना ठोकळ्याच्या समोर उभे न राहता बाजूला उभे राहायचे. एकाने ठरलेल्या अवस्थेत सोडायचे आणि दुसऱ्याने तरीही तपासायचे, असे दुहेरी कुलूप असले की एकाचा विसर दुसऱ्याला इजा करत नाही.

कपडे, धूळ आणि चिंध्या

फिरते लाकूड सैल वस्तू गुंडाळून घेते. साडीचा पदर, ओढणी, लांब बाही, उपरणे, मोकळे केस, गळ्यातले मंगळसूत्र, हातातल्या बांगड्या आणि धागे या सगळ्यांचा विचार करावा लागतो. पदर नुसता कमरेला खोचणे पुरेसे नाही, कारण वाकताना तो सुटतो. वरून घट्ट बसणारा, पुढून बंद असलेला एप्रन घालावा आणि केस बांधून आत घ्यावेत. मंगळसूत्र काढण्याबद्दल घरात नाराजी असू शकते; निदान ते एप्रनच्या आत, गळ्यालगत राहील असे करावे. लेथवर हातमोजे घालू नयेत. मोज्याचा धागा अडकला की बोटही आत जाते.

लाकूड घासताना पॉलिश पेपर बोटाभोवती गुंडाळू नये. तेल किंवा मेण लावताना कापडाऐवजी कागद वापरावा, कारण अडकला तर तो फाटतो. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळते आणि त्यात उष्णता निर्माण होते. चिंध्यांच्या ढिगात ती साठते आणि आग आपोआप लागू शकते. चिंध्या मोकळ्या जागी पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

लाकडाच्या धुळीचा त्रास लगेच दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. नाक आणि नाकाभोवतीच्या पोकळ्यांच्या कर्करोगाशी तिचा संबंध आहे. लेथ चालवणारा मास्क लावतो आणि त्याच खोलीत रंगवत बसलेली व्यक्ती लावत नाही, हे चित्र बदलले पाहिजे. धूळ दोघांच्याही श्वासात जाते.

कायदा कुठपर्यंत पोहोचतो

तुम्ही विचाराल की, यंत्रांच्या सुरक्षिततेसाठी कायदा नाही का? आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ मध्ये यंत्रांना आवरण घालण्याची तरतूद होती. कलम २२ मध्ये चालत्या यंत्राजवळच्या कामाचे नियम होते. पण त्या कायद्यात कारखाना म्हणजे वीज वापरून किमान १० किंवा विजेशिवाय किमान २० कामगार असलेली जागा होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ही मर्यादा २० आणि ४० अशी वाढवली. १९४८ च्या कायद्यातले कलम ८५ राज्य सरकारला लहान जागाही कायद्याखाली आणण्याचा अधिकार देत होते, पण मालक केवळ कुटुंबाच्या मदतीने काम करत असेल तर ती जागा त्यातून वगळलेली होती.

याचा अर्थ असा की, नवरा-बायकोच्या कार्यशाळेच्या उंबरठ्यावर कायदा थांबतो. तिथे निरीक्षक येत नाही, म्हणून दोघांनीच एकमेकांचे निरीक्षक व्हावे लागते.

कलम २२ मधली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. स्त्रिया आणि अल्पवयीन यांना चालत्या यंत्राचे भाग साफ करण्यास त्यात मनाई होती. घरी मात्र चालत्या लेथखालचा भुसा झाडणारी अनेकदा बाईच असते. घरच्यासाठी नियम सोपा करावा: यंत्र थांबल्याशिवाय झाडू कोणीच हातात घ्यायचा नाही.

प्रशिक्षणाचेही असेच आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यांत सुतार आणि पारंपरिक खेळणी बनवणारे येतात. योजनेत प्रशिक्षण आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत मिळते, पण लाभ एका कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला घेता येतो. म्हणून घरातला जो कोणी प्रशिक्षणाला जाईल, त्याने किंवा तिने शिकलेले सगळे घरी येऊन जोडीदाराला दाखवणे हा त्या प्रशिक्षणाचाच भाग मानावा.

प्रसंग घडल्यावर

कितीही काळजी घेतली तरी प्रसंग घडतात. त्या वेळी दोघांपैकी दुसरी व्यक्ती सर्वांत उपयोगी पडते, पण तिला काय करायचे हे आधीच माहीत असले तर.

कपडा किंवा हात अडकला, तर माणसाला ओढू नये. आधी वीज तोडावी. त्यासाठी एक थांबवण्याचे बटण लेथवर आणि दुसरे खोलीच्या दाराशी किंवा रंगवण्याच्या जागेजवळ असावे. ते दोघांनीही डोळे मिटून सापडेल इतके सवयीचे करावे.

हत्यार लाकडात रुतले किंवा ठोकळा हादरू लागला, तर हत्यार मागे घ्यावे, बाजूला सरावे आणि यंत्र बंद करावे. फिरता चक हाताने थांबवू नये.

डोळ्यात भुसा गेला, तर चोळू नये. स्वच्छ पाण्याने धुवावा. ढलपी डोळ्यात रुतली असेल, तर ती काढू नये. डोळ्यावर दाब न देता झाकावे आणि दवाखाना गाठावा. जखमेतून रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे आणि हात उंच ठेवावा. बोट तुटले, तर तो भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बर्फ थेट बोटाला लागू देऊ नये. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि देशभर आपत्कालीन मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.

काम करणाऱ्याला मागून हात लावू नये आणि अचानक हाक मारू नये. चहा झाला असला तरी समोरून, नजरेच्या टप्प्यात यावे आणि हत्यार लाकडावरून सुटेपर्यंत थांबावे.

"कोणी केलं?" आणि "काय झालं?"

आता सर्वांत नाजूक मुद्दा. समजा, पटाशी उसळून टूल रेस्टला खोल खाच पडली. संध्याकाळी नवरा विचारतो, "कोणी केलं हे?" या प्रश्नाचे उत्तर एकच असते, कारण घरात दोघेच आहेत. बायको गप्प बसते. पुढच्या वेळी काही बिघडले, तर ती ते सांगणार नाही. तोही सांगणार नाही. खाच तशीच राहते, हत्यार त्यात अडकते, आणि दुसऱ्यांदा होणारी इजा पहिलीपेक्षा मोठी असते.

हाच प्रसंग वेगळ्या रीतीने पाहा. बायको म्हणते, "अहो, काठवटीची कड काढताना पटाशी उसळली. पट्टीला खाच पडलीय. कानशीने घासून घ्या, तोवर पाटीवर लिहून ठेवते." तो विचारतो, "नेमकं काय झालं? पट्टी लांब राहिली होती का?" आता दोघांना कारण सापडते. पट्टी दुरुस्त होते आणि तीच चूक पुन्हा होण्याची शक्यता कमी होते.

मोठ्या कारखान्यांत आणि विमानवाहतुकीत थोडक्यात टळलेल्या अपघातांचीही नोंद ठेवतात, आणि सांगणाऱ्याला केवळ सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही याची काळजी घेतात. घरी त्यासाठी दोनशे पानी वही पुरते. तारीख, काय झाले, यंत्र कोणत्या अवस्थेत होते आणि काय बदलले, एवढे चार रकाने. नाव लिहायचा रकाना ठेवू नये. महिन्यातून एकदा दोघांनी ती वही एकत्र वाचावी. एकच नोंद तीनदा आली असेल, तर माणसाला बोल लावण्याऐवजी यंत्र किंवा मांडणी बदलावी.

सारांश

कातकामात लाकूड फिरते आणि त्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. घरच्या कार्यशाळेत दोघेही कुशल असले तरी यंत्र हवाली करताना माहिती हरवते आणि अपघात घडतो. सोडताना शून्यस्थिती आणि बसताना तपासणी, या दोन सवयी त्यावर उपाय आहेत. कायदा अशा घरांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून जोडीदार हाच निरीक्षक आणि पहिला मदतनीस असतो. जिथे चूक सांगायची भीती नसते तिथे तो हे काम करू शकतो.

स्वाध्याय

१. २० सेंटिमीटर व्यासाचा ठोकळा ४८० आणि १४४० फेऱ्यांनी फिरवला, तर दोन्ही वेळचा कडेचा वेग काढा. असमतोलाचा जोर किती पट होईल?

२. तुमच्या परिसरातल्या एखाद्या घरगुती धंद्याची (पिठाची गिरणी, शिवणयंत्र, कुंभाराचे चाक) पाहणी करा. यंत्र एकाकडून दुसऱ्याकडे जाताना कोणती माहिती सांगायची राहते, त्याची यादी करा.

३. त्या धंद्यासाठी शून्यस्थितीचे पाच नियम लिहा आणि ते तिथे काम करणाऱ्या दोघांनाही वाचून दाखवा. त्यांनी सुचवलेले बदल नोंदवा.